न्यायालयाच्या अंगणातला मनू

आपल्या विहाराच्या वाचनालयात, बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या कपाटाशेजारी, भिंतीवर एक जुना कृष्णधवल फोटो टांगलेला आहे. जयपूरला गेलेल्या आपल्या एका कार्यकर्त्याने तो आणला होता. आता तो कडेने पिवळा पडला आहे आणि काचेच्या आत ओल शिरली आहे. फोटोत मागे एक सरकारी इमारत दिसते. पुढे मोकळी जागा, उंच चबुतरा, आणि चबुतऱ्यावर दाढी वाढलेल्या, ऋषीसारख्या दिसणाऱ्या माणसाचा पुतळा. येणारी-जाणारी मंडळी त्या फोटोखाली बसून पेपर वाचतात. अभ्यासिकेची मुले विचारतात, "काका, हा कोणता ऋषी?" वस्तीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तर त्याला हातसुद्धा जोडले होते. तेव्हा कमिटीत कुणीतरी म्हणाले, काढून टाका तो फोटो, विहारात त्याचे काय काम? आम्ही म्हटले, काढू नका. पण तो कुणाचा आहे, कुठला आहे, तिथे कसा आला, हे सगळे एकदा नीट लिहून काढा. स्मरणिका समितीने ते काम आमच्याच गळ्यात टाकले.

बंधू-भगिनींनो, तो पुतळा मनूचा आहे आणि मागची इमारत राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाची आहे.

राजस्थानचे उच्च न्यायालय १९४९ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य पीठ जोधपूरला आहे. जयपूरचे खंडपीठ १९५८ साली बंद करण्यात आले होते, ते ३१ जानेवारी १९७७ रोजी पुन्हा सुरू झाले. हे सांगायचे कारण एवढेच, की ही काही पुराणकाळातली जागा नाही. किल्ला नाही, देऊळ नाही, एखाद्या राजाचा वाडाही नाही. प्रत्येक राज्याला एक उच्च न्यायालय असेल, असे संविधानाचे २१४ वे कलम सांगते. तिथे बसणारा न्यायाधीश शपथ घेतो ती संविधानाची. त्याचा पगार तुमच्या-आमच्या करातून जातो. अशा ठिकाणी मनू उभा आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. कुणाच्या खाजगी बंगल्यात असता तर आम्ही एक ओळ लिहिली नसती.

तो तिथे आला १९८९ साली. न्यायालयाच्या आवाराचे सुशोभीकरण करायचे असे निघाले. राजस्थानातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेने पुढाकार घेतला, लायन्स क्लबने पैशाची मदत केली, परवानगी मिळाली, आणि २८ जून १९८९ रोजी मनूचा पुतळा बसला. सुशोभीकरणासाठी झाडे लावता आली असती, कारंजे करता आले असते. न्यायाचेच प्रतीक पाहिजे होते तर सम्राट अशोक होता. त्याच राजस्थानात, जयपूरपासून लांब नाही अशा बैराटला, अशोकाचे शिलालेख सापडलेले आहेत आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. पण आठवला कोण? मनू आठवला. आणि साल पाहा. पुढच्याच वर्षी, १९९० साली, बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर व्हायचे होते, त्यांची जन्मशताब्दी तोंडावर आली होती.

राजस्थानातल्या आपल्या लोकांनी, वकिलांनी, पुरोगामी मंडळींनी लगेच आवाज उठवला. आणि इथे एक गोष्ट घडली जी फार लोकांना माहीत नाही. महिन्याभरातच, जुलै १९८९ मध्ये, उच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांची एकत्र बैठक झाली. तिला फुल कोर्ट म्हणतात. त्या बैठकीत ठरले की हा पुतळा आवारातून काढून टाकावा. म्हणजे पुतळा हटवा ही काही फक्त आपल्या लोकांची घोषणा नाही. तो त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मिळून घेतलेला निर्णय आहे. फोटोखाली एकच ओळ लिहायची झाली तर आम्ही हीच लिहू.

मग पुतळा हलला का नाही? विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र यांनी त्याच न्यायालयात याचिका दाखल केली आणि निर्णयावर स्थगिती आणली. न्यायाधीशांनी निर्णय घ्यायचा, त्यांच्याच न्यायालयात त्यावर स्टे मिळायचा, आणि तो स्टे वर्षानुवर्षे तसाच चालू राहायचा! २०१५ साली प्रकरण सुनावणीला आले, तेव्हा न्यायदालनात असा गोंधळ झाला की सुनावणी पुढे जाऊ शकली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात आचार्य धर्मेंद्र वारले. २०२३ साली काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही या अर्जाची दखल घेण्यास नकार मिळाला. याचिकाकर्ता गेला, पण स्थगिती आहे तिथेच आहे.

स्टे हा शब्द आम्हा गिरणी कामगारांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. गिरणीच्या गेटवर निम्मे आयुष्य हाच शब्द ऐकण्यात गेले. थकलेल्या पगाराचा हुकूम झाला, की मालकाचा स्टे. खोलीचा निकाल लागला, की घरमालकाचा स्टे. म्हणायला ती तात्पुरती गोष्ट आहे. निकाल लागेपर्यंत आहे ते तसेच राहू द्या, एवढाच तिचा अर्थ. पण आहे ते ज्याच्या फायद्याचे आहे, त्याला निकालाची घाई कशाला असेल? जयपूरमध्ये "आहे ते" म्हणजे मनू. त्यामुळे काहीच निकाल न लागणे हाच मनूच्या बाजूने लागलेला निकाल झाला.

आता काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, अहो, मनू हा पहिला कायदा करणारा. त्याच्या ग्रंथात चांगलेही आहे. दगडाच्या पुतळ्याला एवढे कशाला घाबरता? यांच्याशी आम्ही भांडत नाही. आम्ही म्हणतो, न्यायालयात पुतळा आहे ना, मग त्या ग्रंथातला न्यायालयाचा भागच उघडून बघू. मनुस्मृतीचे अध्याय बारा. त्यातला आठवा अध्याय राजाच्या न्यायदानाचा आहे. कर्ज, ठेव, साक्ष, शिवीगाळ, मारामारी, चोरी, सगळे त्यात येते. आम्ही तो मराठी भाषांतरातून दोनदा वाचला. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून मानायचे, असे नको. आपल्या डोळ्यांनी वाचायचे.

सुरुवातीलाच न्यायाधीश कोण असावा ते येते. नुसता जन्माने ब्राह्मण असला, विद्या नसली तरी चालेल, पण शूद्राने न्याय सांगायचा नाही. ज्या राज्यात शूद्र न्याय सांगतो ते राज्य चिखलात रुतलेल्या गाईसारखे बुडते म्हणे. आज जयपूरच्या त्याच इमारतीत मागासवर्गीय वकील उभे राहतात, काळा कोट घालून युक्तिवाद करतात. त्यांनी रोज कुणासमोरून आत जायचे?

पुढे शिवीगाळीचा दंड. क्षत्रियाने ब्राह्मणाला अपशब्द बोलला तर शंभर पण दंड. वैश्याने बोलला तर दीडशे किंवा दोनशे. शूद्राने बोलला तर पैशाचा दंड नाहीच, शरीराला शिक्षा. आता उलट बघा. ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला दिली तर पंचवीस, आणि शूद्राला दिली तर बारा. बारा पण! एकच शिवी, एकच तोंड, पण भाव निरनिराळा. शूद्राने द्विजाचा अपमान केला तर जीभ छाटणे, तोंडात तापलेला खिळा, तोंडात-कानात उकळते तेल, या शिक्षा त्यापुढे येतात. त्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, म्हणून आम्ही त्यावर थांबत नाही. आम्हाला तो बाराचा आकडा जास्त लागला. तेलाचे वाचून राग येतो, पण बाराच्या आकड्यात आपली किंमत लिहिलेली दिसते.

व्याजाचेही तसेच. महिन्याला शेकडा दोन, तीन, चार, पाच, असे चार वर्णांचे चार दर. ब्राह्मणाला दोन, शूद्राला पाच. आमच्या वाडवडिलांनी गिरणीच्या दारात पठाणाकडून कर्ज काढले, तो दांडका घेऊन वसुलीला यायचा, पण त्यानेही जात विचारून व्याजाचा दर ठरवला नाही.

साक्षीदाराची शपथसुद्धा वर्णाप्रमाणे. ब्राह्मणाला सत्याची शपथ, शूद्राला सगळ्या पापांची धमकी. आणि बायकांची साक्ष? निर्लोभी पुरुष एक असला तरी पुरे, पण बायका कितीही चांगल्या असल्या, कितीही जणी असल्या, तरी चालणार नाहीत, कारण त्यांची बुद्धी स्थिर नसते म्हणे. बाईने बाईची साक्ष द्यावी, एवढी मुभा तेवढी ठेवली आहे. बायको चुकली तर दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावे, ते याच अध्यायात. आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनी हा भाग मुद्दाम वाचावा. मनू फक्त दलितांचा प्रश्न आहे असे समजणाऱ्या वरच्या जातीच्या बायकांनी तर आधी वाचावा.

खरे बोलायचे म्हणून मनूच्या बाजूचेही सांगतो. त्याचे वकील एक श्लोक नेहमी काढून दाखवतात. चोरीच्या गुन्ह्यात शूद्राला आठ पट दोष, वैश्याला सोळा, क्षत्रियाला बत्तीस, ब्राह्मणाला चौसष्ट किंवा त्याहूनही जास्त. बघा, जो जास्त शहाणा त्याला जास्त शिक्षा, असे ते म्हणतात. श्लोक आहे, आम्ही नाकारत नाही. पण त्याच अध्यायात चाळीसेक श्लोक पुढे सरका. ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी त्याला मारू नये, मालमत्तेसह, अंगाला इजा न करता राज्याबाहेर पाठवावे, असे लिहिले आहे. जिथे इतरांचा जीव जातो तिथे त्याचे फक्त डोके भादरायचे. एका हाताने चौसष्ट पट लिहिले आणि दुसऱ्या हाताने पुसून टाकले. अर्धा अध्याय वाचणाऱ्याला अर्धेच दिसणार.

"पहिला कायदा करणारा" ही पदवीसुद्धा तपासून घेतली पाहिजे. तिच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय इंग्रजांच्या कंपनीकडे जाते. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की लग्न, वारसा वगैरे बाबतीत हिंदूंचे खटले त्यांच्या शास्त्राप्रमाणे चालवायचे. साहेबाला संस्कृत येत नव्हते, म्हणून पंडितांना विचारायचे. पंडितांवर भरवसा नव्हता, म्हणून भाषांतर करायचे. कलकत्त्याचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स याने मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर केले, ते १७९४ साली छापून निघाले. तेव्हापासून साहेबाच्या कोर्टात आणि साहेबाच्या देशात मनू म्हणजे हिंदूंचा कायदेकर्ता हे समीकरण पक्के झाले. गावोगावच्या जातपंचायती कोणत्या रूढीने चालत होत्या, ते विचारायला कोण बसले होते?

ही कीर्ती किती लांब गेली त्याचा पुरावा अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क शहरात मॅडिसन ॲव्हेन्यूवर अपिलांचे एक न्यायालय आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर, १९०० साली ते सुरू झाले. त्याच्या छताच्या कडेला जगातल्या कायदेकर्त्यांचे संगमरवरी पुतळे उभे केले. मोझेस, कन्फ्यूशियस, जस्टिनियन, आणि त्यांच्या रांगेत मनू! ऑगस्टस ल्युकमन नावाच्या शिल्पकाराने तो घडवला. त्या बिचाऱ्याला बारा पणांचा दंड कुठून माहीत असणार. पण या इमारतीची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याच रांगेत इस्लामच्या प्रेषितांचाही पुतळा होता. मुस्लिम धर्मात प्रेषितांची मूर्ती चालत नाही. १९५५ साली इजिप्त, इंडोनेशिया, पाकिस्तान या देशांनी विनंती केली, आणि न्यायालयाने तो पुतळा उतरवून घेतला. बाकीचे पुतळे एकेक जागा सरकवले आणि टोकाचा एक चबुतरा रिकामा राहिला. तिथे पुतळा सन्मानाने बसवला होता, कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. तरीही ज्यांचे मन दुखत होते त्यांनी सांगितले, आणि ते ऐकले गेले. न्यायालयावरचा पुतळा उतरवला म्हणून तिथला न्याय काही बंद पडला नाही. जयपूरचा पुतळा ज्यांना दुखतो ते परदेशी नाहीत, ते याच देशाचे नागरिक आहेत.

दगडाने काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर जयपूर जिल्ह्यातच मिळते. भटेरी गावात भंवरी देवी नावाची कुंभार समाजातली बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करीत होती. बालविवाह थांबवणे हे तिचे काम. त्याचा राग धरून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला असे करून स्वतःला बाटवून घेणार नाही, अशा अर्थाचा तर्क त्या निकालात होता. देशभर त्यावर टीका झाली. याच प्रकरणातून पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि कामाच्या ठिकाणी बायकांच्या संरक्षणाचे नियम ठरले. पुतळ्याने तो निकाल लिहिला असे आम्ही म्हणत नाही, पुतळ्याला हात नसतात. पण जात बघून बाईचे खरे-खोटे ठरवण्याचा विचार कुठून येतो, आणि त्या विचाराचा बाप अंगणात उभा असताना भंवरी देवीसारख्या बाईने त्या दारातून कोणत्या भरवशाने आत जायचे, हे विचारायला नको का?

आता महाडकडे येऊ. कारण स्थगितीशी आपली पहिली गाठ तिथे पडली होती, आणि मनूशीही तिथेच.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपल्या पोरासोरांना पाठ आहे. पण त्यानंतरचे कुणी फारसे सांगत नाही. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. तेव्हा महाडच्या सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबरला दिवाणी कोर्टात दावा लावला, तळे खाजगी आहे म्हणून, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषद तर ठरलेली होती. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला गेले. परिषदेला जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. आपल्या व्यासपीठावरून सरसकट जातीवर घसरणाऱ्या वक्त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा झाली. हजारो लोक तळ्यावर जायला तयार होते, तुरुंगात जायला तयार होते. समोर कोर्टाचा हुकूम. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी लोकांना समजावले, सत्याग्रह थांबवला, आणि २७ तारखेला शिस्तीत मिरवणूक काढून माणसे तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कुणी हात लावला नाही. तेव्हा किती तरुणांची मने मोडली असतील! पण बाबासाहेबांनी दावा लढवला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९२८ मध्ये, मनाई उठली. १९३१ साली महाडच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ते ठाण्याला अपिलात गेले, १९३३ साली तिथेही हरले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने ते अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. (हेच ब्रूमफील्ड साहेब १९२२ साली अहमदाबादला गांधीजींवर खटला चालवणारे.)

हिशेब करून पाहा. परक्याचे राज्य, संविधान नाही, सतरावे कलम नाही, आरक्षण नाही, आपला एकही न्यायाधीश नाही. तरी महाडचा मनाई हुकूम दोन महिने दहा दिवस टिकला आणि तीन कोर्टांतून शेवटचा निकाल लागायला दहा वर्षांच्या आत-बाहेर लागली. जयपूरच्या स्थगितीला तीस वर्षे कधीच उलटून गेली आहेत.

महाराष्ट्रातून जयपूरला माणसे गेली नाहीत असे नाही. २००० साली हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने महाडहून जयपूरला लाँग मार्च निघाला. जिथे मनुस्मृती जाळली तिथून निघून जिथे मनू उभा केला तिथे जायचे, कल्पनाच अंगावर रोमांच आणणारी. आणि मग ८ ऑक्टोबर २०१८. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, गेलेल्या दोन स्त्रिया न्यायालयाच्या आवारात शिरल्या, चबुतऱ्यावर चढल्या आणि त्यांनी मनूला काळे फासले. लगेच पकडल्या गेल्या, अटक झाली. ज्या ग्रंथाने बाईची साक्ष नाकारली त्याच्याविरुद्ध दोन बायकांनी भर दिवसा, तोंड न लपवता, न्यायालयातच जाऊन साक्ष दिली, असे आम्ही त्याकडे पाहतो.

यावर आपल्या विहारात बरेच दिवस वाद झाला. तरुण म्हणत, हेच पाहिजे होते. जुनी माणसे म्हणत, बाबासाहेबांनी महाडला कोर्टाचा हुकूम मोडला नव्हता. दोघांचेही खरे आहे. पण आमचे मत सांगतो. बाबासाहेबांनी महाडला दोन कामे वेगवेगळी ठेवली होती. ग्रंथ जाळला तो परिषदेत ठराव करून, सर्वांदेखत, आणि तो का जाळला ते पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहून सांगितले. तळ्याचे काम मात्र कोर्टात लढवले, कागद लावून, तारखांना उभे राहून. आपण पहिले काम दरवर्षी २५ डिसेंबरला करतो, भाषणे होतात, फोटो निघतात. दुसरे काम अवघड आणि कंटाळवाणे, त्यामुळे त्याला माणसे मिळत नाहीत. फासलेले काळे पुसता येते. न्यायाधीशांनी स्वतः घेतलेला निर्णय पुसता येत नाही, तो फक्त अडवून धरता येतो. म्हणून त्या दोन भगिनींना आम्ही जयभीम करतो, आणि तरीही सांगतो की मागणी एकच असली पाहिजे, ती सुनावणीची. प्रकरण बोर्डावर घ्या, दोन्ही बाजू ऐका, निकाल द्या.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी, संविधान दिनी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसला, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते अनावरण झाले. आनंद झाला. जयपूरला मात्र बाबासाहेब न्यायालयाच्या बाहेर, चौकात, रहदारीच्या धुरात आहेत, आणि मनू आत आहे. गावकुसाबाहेर कोण आणि आत कोण, हे दहाव्या अध्यायात मनूने लिहूनच ठेवले होते.

येत्या २५ डिसेंबरला आपल्या विहारात भाषणे थोडी कमी ठेवायची असे ठरले आहे. सकाळी वंदना झाल्यावर मनुस्मृतीचा आठवा अध्याय मराठीतून मोठ्याने वाचला जाईल. सगळा, चौसष्ट पटीच्या श्लोकासकट. साक्षीचा भाग महिला मंडळाच्या भगिनी वाचतील. त्यानंतर संविधानाचे तेरा, चौदा, पंधरा आणि सतरा ही कलमे मुले वाचतील. दुपारी एक वकील भगिनी येणार आहेत. स्थगिती म्हणजे काय, पडून राहिलेले प्रकरण लवकर सुनावणीला घ्यावे म्हणून अर्ज कसा करतात, आणि त्यासाठी सह्यांचा काय उपयोग होतो व काय होत नाही, हे त्या समजावून सांगतील. येताना प्रत्येकाने वही-पेन आणावे. जेवणाची व्यवस्था विहारातच आहे.